सदतीस नंबरचा डोंगर

वाढत्या शहराला खडी कुठून पुरवायची, हे ठरवायचं काम नकाशेवालीकडे होतं. शहराला किती खडी लागणार हे एका नकाशावर, कुठल्या डोंगरातून किती निघेल हे दुसऱ्यावर, आणि दोघांचं लग्न लावून द्यायची जबाबदारी हिची. चाळीस किलोमीटरपलीकडचा डोंगर साहेबांना चालत नसे. दगडापेक्षा डिझेल महाग पडतं म्हणायचे.

मागच्या वर्षी विमानातून काढलेल्या फोटोंवरून तिने साठ डोंगर तीन दिवसांत हातावेगळे केले होते. नियम सोपा होता: पांढरं दिसलं की उघडा दगड, वस्ती नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि खोटं कशाला बोला, बाईसाहेब आठवडाभर हवेत होत्या.

आज फेरतपासणीत तिने सदतीस नंबरचा फोटो मोठा केला. पांढऱ्या पट्ट्यात सरळ रेघा होत्या. इतके नीट कोपरे दगडाला कुठून येणार? ती छपरं होती, पलीकडच्या जुन्या खाणीतल्या खडी फोडायच्या मशीनची धूळ बसून पांढरी झालेली. शेजारी पाण्याची गोल टाकी, आणि टाकीपासून तिसरं घर मावशीचं.

आई गेल्यावर ती त्याच घरात लहानाची मोठी झाली होती. डोंगराला नंबर दिला काय आणि आपलं घर ओळखू येईना काय! तिला स्वतःची लाज वाटली. तिने मावशीला फोन लावला.

"बरं झालं बाई, तूच फोन केलास," मावशी म्हणाली. "काल कंत्राटदाराची माणसं आली होती. महिन्याभरात जागा सोडा म्हणे, डोंगर फोडायचाय."

"तुम्ही सांगितलं नाही, आम्ही राहतो म्हणून?"

"सांगून घसा बसला! त्यांच्या कागदावर इथे वस्तीच नाही. मग आम्ही काय भुतं आहोत? कुठल्या आंधळ्याने लिहिलंय कोण जाणे. तुझ्या ऑफिसात जरा चौकशी कर ना, त्याला गाठ."

खरं सांगितलं तर मावशी तुटेल, साहेबांना कळलं तर नोकरी जाईल. पण गप्प राहिलं तर घरच जाणार होतं.

"मावशी, ते मीच लिहिलंय."

पलीकडे मशीनची घरघर चालूच होती.

"अगं, छपरावरची धूळ तर तूच झाडायचीस," मावशी हळूच म्हणाली. "तू गेल्यापासून वर चढायला कोणी नाही."