पडद्यामागचा खटका

विजेनं भारलेली तबकडी नुसती गरगर फिरवली, तरी तारेतून वीज वाहिल्यासारखं चुंबकत्व तयार होतं आणि शेजारी टांगलेली सुई वळते. तबकडीवरच्या विजेचा प्रभार उलटा केला, म्हणजे प्लसचा मायनस केला, तर सुईनंही उलटीकडे वळायला हवं. बाबांच्या यंत्रानं आज एवढंच दाखवायचं होतं. नाही दाखवलं तर खोली रिकामी करा, असं संस्थेच्या संचालकांनी तोंडावर सांगितलं होतं. माणूस मोठा, पण यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

बाबांचा नियम भलताच कडक. वाचणाऱ्याला प्रभार कळू द्यायचा नाही, नाहीतर मन डोळ्यांना फितवतं. म्हणून बाबा पडद्याआड खटका दाबायचे आणि लेक दुर्बिणीतून सुईची केसभर हालचाल बघून फक्त बाजू सांगायची. आता कानांना कुणी पडदा लावतं का? प्लसचा खटका कोरडा वाजायचा, मायनसचा जरा दबका. लेकीला हे ठाऊक होतं, बाबांना नव्हतं.

कोरडा खटका वाजला, तबकडी फिरवणारी मोटार घोंघावली. सुई डावीकडे वळली. तिनं तसं सांगितलं. संचालकांनी सगळं कळल्यासारखी मान डोलावली.

मोटार थांबवून सुई स्थिरावू दिली. मग दबका खटका वाजला, मोटार पुन्हा सुरू झाली आणि सुई परत डावीकडेच गेली. उजवीकडे म्हटलं की काम फत्ते, दुर्बिणीत दुसरं कोण बघतंय? पण ज्या बापानं हाताला धरून वाचायला शिकवलं, त्याला फसवणं तिच्यानं होईना.

"डावीकडे," ती म्हणाली.

संचालकांनी पडद्याकडे वळून विचारलं, या वेळी प्रभार कोणता होता?

तिनं जीव मुठीत धरला. मघाचाच, एवढं बाबा म्हणाले असते तरी वेळ निभावली असती. बोला ना बाबा, ती मनातल्या मनात विनवत होती, आयुष्यात एकदा खोटं बोला.

"उलटा होता," बाबा म्हणाले. "म्हणजे सुईला मोटारच ओढतेय. काल नवी बसवली, तेव्हाच मी तपासायला हवं होतं. चूक माझी."

संचालकांनी पुढं काही न विचारता खोलीची किल्ली मागितली. बाबांनी ती दिली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरोबर वाचलंस म्हणाले. तिला रडू कोसळलं. अभिमान वगैरे काही वाटत नव्हता. बाबा खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असंच तिला वाटत होतं.