दिसतंय की!

"अगं, फोनवरून माणूस कळत नाही. एकदा जाऊन ये," सासूबाई म्हणाल्या, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. "रोज तर बघते मी बाबांना!"

बघत होतीच. बाळ शिंकलं तरी काळजाचं पाणी होणारी ही बाई वडिलांना व्हिडिओ कॉल करायला चुकणं शक्यच नव्हतं. कॉलेजात भाषा शिकलेली, त्यामुळे फोनवरच्या बोलण्याची तिला गंमतही वाटे. "ऐकू येतंय का?" ही नुसती दारावरची टकटक. "बरंय मग" म्हणजे प्रकृती बरी असं थोडंच? त्याचा अर्थ, फोन ठेव आता.

मग बाबांचं "दिसतंय की!" कशासाठी असतं? हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो एका दुपारी. "बाबा, दात बघा!" म्हणताच बाबा खूश. "वा! दिसतंय की! उंदराचाच दात गं!" बाळाने मात्र अजून तोंडच उघडलं नव्हतं.

बाबांनी जन्मभर पंप दुरुस्त केले. नुसत्या घरघरीवरून मोटरीचं दुखणं ओळखणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावून उशीला टेकवला, बाळाला सोफ्याशी उभं केलं.

"काय म्हणतोय आमचा लबाड?" बाबांनी विचारलं.

ती मुद्दाम गप्प राहिली. तेवढ्यात बाळाने सोफा सोडला. एक पाऊल, मग दुसरं, डुलत डुलत थेट फोनकडे. आयुष्यातलं पहिलं चालणं! तिने ओरडणं ओठांत दाबलं.

बाबा जरा कडेला बघत हसत होते. मग हसू ओसरलं.

"हॅलो? कुणी बोलत का नाही? रेंज गेली वाटतं."

"आहे, बाबा. दिसतंय ना?"

"दिसतंय की!" बाबा घाईने म्हणाले. "कसा शहाण्यासारखा बसलाय!"

"बाबा, कधीपासून?"

"थंडीपासून धुरकट झालंय सगळं. तू जीव टांगणीला लावून घेतेस, म्हणून..."

"उद्या येतेय मी. आणि बाबा, तो चालला आत्ता. तुमच्यापुढे उभा आहे."

बाबांनी हात पुढे केला. पडदाभर फक्त त्यांचा तळवा दिसत राहिला, काचेवर चाचपडणारा.

तुमचंही कुणी असेल ना असं लांब राहणारं? आज फोन लावा, काही न सांगता नुसतं काहीतरी दाखवा, आणि ते काय म्हणतात ते ऐका.