झमकूबाईंचे हंडे

वना हमालाची कमल सरकारी शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आली. आता धुळ्याच्या वसतिगृहात राहून मॅट्रिकपर्यंत फुकट शिक्षण. फक्त घरची परिस्थिती बघायला एक साहेब येतील, असं गुरुजी तिच्या आईला, भिकुबाईला, सांगून गेले.

घर बघायला येणाऱ्यासमोर भिकार दिसायचं नाही, हे भिकुबाईला कुणी शिकवायला नको होतं. गावात मुलीला बघायला पाहुणे आले की शेजारपाजारची भांडी मांडणीवर चढत. सगळ्यांना ठाऊक असे, बोलत कुणी नसे. पोरीच्या भल्यासाठी ती कशी मागे राहील? तिनं माणकचंद शेठजींच्या झमकूबाईंकडून पितळी हंडे, डबे, बसायला गादी आणली. बदल्यात वर्षभर त्यांची भांडी घासायचं कबूल केलं. मग मांडणी अशी लखलखली, की मागची फुटकी कुडाची भिंत दिसेना.

वना कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला गेला होता. साहेब आला, गादीवर बसला, शिरा दोनदा मागून खाल्ला. मग वाकून हंड्यावर कोरलेलं नाव वाचलं आणि हे कुणाचं, म्हणून विचारलं. भिकुबाईला अक्षरओळख नव्हती.

“हाई बठ्ठं मन्हा माहेरनं शे,” ती ताठ मानेनं म्हणाली.

कमल काही सांगायला पुढे झाली, तशी भिकुबाईनं पदराआडून तिच्या दंडाला असा चिमटा काढला, की पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेबानं तेही पाहिलं. त्या मेल्याला सगळं कळलं होतं. पण एक अर्ज कमी झाला तर त्याला हवाच होता. कागदावर दोन ओळी खरडून तो उठला.

महिन्यानं पत्र आलं. घरची स्थिती सधन, अर्ज नामंजूर. कमलनंच ते वाचलं, सधन म्हणजे काय तेही सांगितलं. हंड्यावर झमकूबाईंचं नाव होतं आणि साहेबानं ते वाचलं होतं, हेही सांगितलं.

भिकुबाईचं डोकं भणाणलं. तिनं पोरीचा तोच दंड धरून तिला गदागदा हलवलं.

“मंग तू तव्हय काब्र नही बोलनी?”

 दुसऱ्या दिवसापासून शाळेऐवजी कमल आईबरोबर झमकूबाईंच्या मोरीवर जाऊ लागली. हंडे तिच्या वाट्याला आले. कोरलेल्या नावात राख अडकून बसे, तिथं जास्त घासावं लागे.