दोन सूत

शरच्चंद्र पॅटर्न करायचा. म्हणजे हव्या त्या वस्तूचा लाकडी नमुना घडवायचा. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी उरते, तीत पितळ ओततात. गोहलपुरातल्या तुळशीरामच्या ओतशाळेत बावीस वर्षं त्याचं हेच काम, आणि शरच्चंद्रचं माप म्हणजे ब्रह्मवाक्य असं सगळे म्हणत. माणसाला एवढं डोक्यावर चढवू नये.

त्रेचाळीस साली मुंबईहून एक पेटी आली. तिथल्या गोदीत शंभर वर्षांपूर्वीचं एक सागवानी शिडाचं जहाज जपून ठेवलं होतं. त्याच्या सुकाणूची पितळी बिजागरी तडकली होती आणि मुंबईच्या ओतशाळांना लढाईच्या कामातून मान वर करायला फुरसत नव्हती. सोबत जहाजाचे राखणदार मुरलीधर नाखवा यांची चिठ्ठी होती. 'हेच पितळ वितळवा, पण माप तेच ठेवा. जुन्या लाकडाला नवं भोक पडता कामा नये.'

पितळ थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा, हे शरच्चंद्रच इतरांना शिकवायचा. पण पॅटर्नला चार दिवस लागणार आणि डोक्यावर लष्कराच्या मालाची घाई. त्याने बिजागरीचं माप वहीत टिपलं, मग सरळ तीच वाळूत दाबली, काढली, वितळवली आणि त्याच पोकळीत ओतली. एका बोटीची तर बिजागरी, फरक पडून पडून किती पडणार?

दोन सूत पडला. म्हणजे पाव इंच. वही समोर ठेवून त्याने तीनदा मोजलं. जुनी तर आता उरलीच नव्हती. तुळशीराम मागून म्हणत होता, "भैया, पेटी बंद करो, गाडी का टाइम हो गया." शरच्चंद्रने खाली मान घालून झाकणाला खिळे ठोकले.

महिन्याने पत्र आलं. 'बिजागरी सुरेख झाली. भोकं जुळली नाहीत, पण तुमचं माप चुकत नाही असं सगळे सांगतात. तेव्हा लाकूडच ओल धरून फुगलं असणार. देखभाल माझी, दोषही माझा. नवी भोकं पाडावी लागली. साहेबांना तसं सांगून मी काम सोडतो आहे. एवढ्या धामधुमीत तुम्ही वेळ काढलात, हे उपकार विसरणार नाही.'

त्या उपकारांनी त्याचा घास अडला. त्याच्या बायकोने, कुंदाने, दोन दिवस पाहिलं आणि मग विचारलं, "काहून जेवून नाही राहिले तुम्ही?"

त्याने सगळं सांगितलं. चोरी कबूल करताना वाटावी तशी लाज वाटत होती.

"मग लिहा ना त्यांना," कुंदा म्हणाली. "तुमचं नाव राखाले त्या बिचाऱ्याची भाकर काहून जावी?"

शरच्चंद्रने वहीतल्या मापावरून पॅटर्न केला, हवा तेवढा मोठा. या वेळी पाच दिवस लागले. खरं काय ते ऐकून तुळशीरामने कपाळाला हात लावला. "नई वाली भेज दो, बात खतम. चिट्ठी में ये सब काहे लिखते हो? कल को हमारे पास कौन आएगा?" तरीही शरच्चंद्रने दोन पत्रं लिहिली, एक नाखव्यांना, एक त्यांच्या साहेबांना. 'लाकूड फुगलं नव्हतं. मी कामचुकारपणा केला आणि कळल्यावर गप्प बसलो.'

उत्तर दिवाळीच्या सुमारास आलं. नाखवा पुन्हा कामावर होते. नवी बिजागरी जुन्या भोकांवर चपखल बसली होती. शरच्चंद्रचा जीव भांड्यात पडला, पण पुढची ओळ वाचेपर्यंतच.

'मी पाडलेली चार भोकं मात्र राहिली. सागाच्या खुंट्या ठोकून बुजवलीत, पण डाग दिसतात. जहाज बघायला येणारे विचारतात, हे कसले? मला खोटं बोलवत नाही आणि तुमचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. काय सांगू ते कळवा.'

शरच्चंद्रने कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'माझं नाव सांगा.' मग त्याखाली आपलं नाव आडनावासकट सुवाच्य अक्षरात काढलं, कुणाची चूक व्हायला नको म्हणून.