दुजैलाला थांबलेली फौज

पुठ्ठ्याच्या त्या चौकोनी सोंगटीचा एक कोपरा चावलेला होता — अमोघनेच, लहानपणी — आणि वर बाबाच्या अक्षरात शाईने नाव: दौलत. बाकी सोंगट्यांवर नुसते पलटणींचे नंबर, नाहीतर घोड्यांची चित्रं. नाव ह्या एकालाच, कारण हा बाबाचा पणजोबा, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या मराठा पलटणीतून इराकात गेलेला. तिथे कूट नावाच्या गावात तुर्कांनी कोंडल्यावर उपाशी मेला, पण धर्म बुडेल म्हणून घोड्याचं मांस खाल्लं नाही... घरात देवाच्या खालोखाल तोच.

शुक्रवारची दुपार, सौदीतल्या खोबरच्या फ्लॅटमध्ये एसीची घरघर, जेवणाच्या टेबलावर नकाशा. वाटणी नेहमीचीच. सोडवायला फौज घेऊन येणार बाबा, वेढ्यात बसणार अमोघ. नुसता बसणार. रेशन संपलं की एकेक सोंगटी उचलायची, एवढंच काम.

पण आज पैज होती. "कूटला पोचलो की तुझा एक्झिट व्हिसा काढतो, जा आईकडे नाशिकला," कमलाकर, म्हणजे बाबा, सकाळी म्हणाला होता, फोन पालथा ठेवत. "नाही पोचलो, तर गप इथे बाहेरून बारावीला बसायचं." माझा बाप, अमोघच्या मनात आलं, आणि इथल्या कायद्याने माझा जामीनदार, कफीलही तोच. त्याच्या अंगठ्याशिवाय मी विमानात पाय ठेवू शकत नाही.

"बाबा, तुर्कांचे दुजैलाचे खंदक रिकामे आहेत. घुस ना."

"तोफा मागे राहिल्यात."

"अरे, कोणीच नाहीये तिथे! एक चाल, की तू माझ्याजवळ."

"म्हणून तर शाळा सुटली तुझी. थांबणं माहीत नाही." चहाचा सावकाश घोट. "पास."

खरे इंग्रजही इथेच थांबले होते, रिकाम्या खंदकांसमोर, तोफांची वाट बघत. हे बाबानेच सांगितलेलं, दर वेळी त्या साहेबांना शिव्या घालून — गाढव साले, घुसले असते तर दौलत वाचला असता... म्हणजे ह्याला माहीत आहे. पक्कं माहीत आहे. आई घर सोडून गेली त्याच्या आदल्या रात्री बेडरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं, कडीसुद्धा नव्हती, आणि हा बाहेर सोफ्यावर — शांत होऊ दे तिला, सकाळी बोलतो. सकाळी तिची बॅग लिफ्टमध्ये होती.

नियमाप्रमाणे तुर्क आले, खंदक भरले. अमोघचं रेशन संपलं.

"उचल दौलतला," कमलाकर म्हणाला, आरतीच्या वेळेसारखा हळू आवाज काढून.

अमोघने घोड्याची सोंगटी घेतली आणि दौलतखाली सरकवली.

"खाल्ला यानं."

"त्यानं नाही खाल्ला."

"नियमात आहे. खाल्ला की जगतो."

"अमोघ, गावाने परत घेतलं नसतं त्याला!"

"कुठलं गाव? बघ ना, बोटं चाटतोय तुझा पणजोबा. अजून मागतोय."

कमलाकरच्या मानेवरची शीर टरारली. कप कलंडला, चहा नकाशावरच्या नदीत पसरला, त्याने पुसलाही नाही. तोफा मागेच टाकून सगळी फौज त्याने भरलेल्या खंदकांवर ढकलली. "येतोय मी," तो म्हणाला. "थांब तू. येतोय."

फासे त्याच्या मुठीत खडखडत होते. नाशिक, आईचा आवाज, विमान... अमोघने सगळं आठवून पाहिलं, आणि त्यातलं काहीच त्याला नको होतं. बाबाचे डोळे ओले दिसत होते. ते छान वाटत होतं. कमी पडू दे फासे... ये, मर त्या खंदकात, आणि परत ये. माझ्याकडे अजून खूप घोडे आहेत.