अंगावर घेतलेला आळ

राहीबाईनं पोटच्या पोराची खबर पोलिसांना दिली, ती त्याला वाचवायला.

उंब्रजजवळच्या एका वाडीत ती राहायची. नवरा पलटणीत होता, पोरगा रांगत असतानाच तो लढाईत मारला गेला. पोराला, लालासाहेबाला, वाढवलं ते तिच्या थोरल्या भावानं. कोंडीबा वडूजकडचा कोरडवाहू शेतकरी. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर नुसतं रान. तरी सुगी झाली की पहिलं पोतं बहिणीच्या घरी टाकायचा आणि भाच्याला खांद्यावर बसवून कृष्णेवर न्यायचा. लाला पोहायला शिकला तो मामाच्या पाठीवर.

बेचाळीस साली वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, त्यात लाला होता. गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर तो घरी आला तो नुसता धोतर-सदरा न्यायला. राहीबाई दारात आडवी उभी राहिली.

"बंदूक धरायची असंल तर ह्या घरात पाय ठिवू नगंस. तुझा बाप बंदुकीपायीच गेला."

"बरं," म्हणाला आणि गेला.

पुढं त्याचं तोंडही दिसलं नाही. एका भूमिगत टोळीत आहे, तारा तोडतो, खजिना लुटतो, खबऱ्यांना धरून शिक्षा करतो, असं कानावर यायचं. त्याच्या नावचं वारंट होतं. दिसला की गोळी घाला असा हुकूम सुटलाय, असंही लोक बोलायचे.

मग एका बाजारच्या दिवशी कोंडीबा बाजारातच तिच्याजवळ आला. पाटीतली वांगी चाचपल्यासारखं करत हळूच म्हणाला, "राहे, पोरगं माझ्या रानातल्या खोपीत हाय. हिवताप लय चढलाय. तुझं नाव घेतंय."

ती गेली. पोरगं ओळखू येईना. डोळे पिवळे, ओठ फुटलेले, उशाला बंदूक. सोबती कसलातरी पाला उकळून पाजत होते. आईचा हात धरून तो रडला, आणि जरा शुद्धीवर आल्यावर त्यानंच तो हात सोडवून घेतला. "आता जा. परत येऊ नगंस."

परतीच्या वाटेवर राहीबाईच्या डोक्यात एकच होतं. इथं पडून राहिला तरी मरणार, पळताना सापडला तरी मरणार. तुरुंगात निदान डॉक्टर असतो, दोन भाकरी असतात. फौजदारानं तिला मागं एकदा बोलावून घेऊन गोड शब्दांत सांगितलं होतं, "बाई, जिवंत हाती लागला तर औषधपाणी करीन. शब्द देतो." ती वाडीला न जाता थेट त्याच्याकडं गेली आणि खोपीची जागा सांगितली.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच पोलिसांनी रानाला वेढा घातला. औषध आणलं नव्हतं, बंदुका आणल्या होत्या. सोबत्यांनी लालाला पाठीवर टाकलं आणि ओढ्यातून पळवलं. आप्पासो नावाच्या गड्याच्या दंडातून गोळी आरपार गेली.

ताप उतरल्यावर टोळीनं लालाला विचारलं, "खोपीची जागा कुणाला ठावं हुती?"

लाला म्हणाला, "मामाला." आईसुद्धा येऊन गेली होती. पण आई कुणाला सांगेल हे त्याच्या काय, सोबत्यांच्याही मनात आलं नाही. शिक्षा करायला तो गेला नाही. नाव सांगून डोंगरातच बसला.

टोळीनं कोंडीबाला त्याच्या गावच्या मारुतीपुढं पालथा पाडून तळपायांवर काठ्या मारल्या. सगळा गाव बघत होता. तो ओरडून सांगत होता, "मी न्हाई! लालाची शपथ, मी न्हाई!"

आप्पासोनं विचारलं, "तू न्हाईस, मग दुसरं कुणाला ठावं हुतं?"

कोंडीबाचं ओरडणं थांबलं. त्यानं मातीत गाल टेकला. मग म्हणाला, "मीच सांगितलं. मारा."

उजव्या पायाचं हाड मोडलं आणि वाकडंच बसलं. काखेत कुबडी आली, नांगरामागं चालणं संपलं. गावानं त्याला लग्नकार्याला बोलावणं सोडलं. त्याची बायको हरणाबाई एकटी रान बघू लागली.

राहीबाईला कळलं तशी ती अनवाणी धावत आली. तिनं तोंड उघडायच्या आतच कोंडीबा म्हणाला, "राहे, काय बोलू नगंस. एकाचा पाय गेला, तेवढं बास." हरणाबाई चुलीपुढं होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

राहीबाई बोलली नाही. ते न बोलणं तिनं शेहेचाळीस सालापर्यंत वागवलं.

त्या उन्हाळ्यात नवं मंत्रिमंडळ आलं, वारंटं रद्द झाली आणि डोंगरातली पोरं घरोघर परतली. लाला आला तेव्हा वाडीनं हलगी लावली, गुलाल उधळला. राहीबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं. पोरगा दारातच थबकला.

"येऊ का आत?"

"ये की रं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

तीन-चार दिवस बरे गेले. लाला जेवायचा, झोपायचा, बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा. मामाचा विषय दोघंही काढत नव्हती. मग आप्पासो आला. उंब्रजला सभा होती, डोंगरातून परत आलेल्यांचा सत्कार होता.

"मावशी, तुमी बी चला," तो म्हणाला. "असा पोरगा दिला तुमी. तुमचा बी लुगडं-नारळ दिऊन सत्कार करायचा हाय."

तो गेल्यावर राहीबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"लाला, मला तिथं नगं नेऊस."

"का गं?"

"खोपीची खबर मी दिली हुती."

लालाला आधी समजलंच नाही. तो हसला. मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू तिथंच मावळलं.

"तू?"

"तू मरशील असं वाटलं. तुरुंगात तरी जगशील म्हनून..."

"आन मामा?"

"त्याला माराच्या वेळंला उमगलं. माझ्यासाठनं गप्प बसला."

लाला उठला, पायताण न घालताच बाहेर पडला. राहीबाईला वाटलं, आप्पासोला सांगायला गेला. काय व्हायचं ते होवो म्हणून ती दार उघडं टाकून बसून राहिली. संध्याकाळपर्यंत कुणीच आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, पोरगा कुठं गेला असेल ते.

सकाळी ती मिळेल त्या गाडीनं वडूजकडं निघाली. कोंडीबाच्या अंगणात लाला उन्हातच बसला होता. हरणाबाईनं त्याला ओसरीवर चढू दिलं नव्हतं. कोंडीबा बाजेवर होता, पाय लांब करून.

"का नाव सांगितलं न्हाईस, मामा?" लाला विचारत होता. "एक शब्द बोलला असतास तर..."

"तर तिला मारलं असतं?"

"ठावं न्हाई," लाला म्हणाला.

"मला बी ठावं नव्हतं बग," कोंडीबा म्हणाला. "म्हनून बोललो न्हाई."

"कुणाला मारलं असतं?" हरणाबाई मधेच म्हणाली.

"मला, वैनी," राहीबाई कुंपणापाशी उभी राहून म्हणाली. "खबर माझी हुती."

हरणाबाईच्या हातात पाण्याची कळशी होती. तिनं ती शांतपणे खाली ठेवली, आत गेली आणि कडी लावून घेतली. दिवसभर दार उघडलं नाही. राहीबाई आल्या पावली परत गेली.

लाला उंब्रजच्या सत्काराला गेला नाही. त्यानं आप्पासोलाच वडूजकडं बोलावून घेतलं. कोंडीबाच्या गावात दवंडी दिली, मारुतीपुढं माणसं जमवली. निरोप मिळाला तशी राहीबाईही आली आणि बायकांत मागं बसली. हरणाबाई तिच्या शेजारी येऊन टेकली, पण तिच्याकडं बघितलं नाही.

लाला उभा राहिला. 

"ह्याच जागी माझ्या मामाला मारलं. त्याचं नाव मी घेतलं हुतं. मामानं खबर दिली न्हवती. चूक माझी हाय." एवढं बोलून त्यानं सगळ्या गावादेखत कोंडीबाच्या वाकड्या पायावर डोकं ठेवलं. आप्पासोचा चेहरा उतरला होता. तोही पुढं झाला आणि पाया पडला.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग खबर दिली तरी कुणी?"

राहीबाई उठायला लागली. अर्धी उठली असेल नसेल, तोच तिच्या मांडीवर हात पडला. हरणाबाईचा हात, नांगरटीनं राठ झालेला. त्या हातानं तिला खाली दाबून बसवलं.

"बसा, वन्सं."

"वैनी, सोडा मला. बोलू द्या."

"मी तुमाला माफ केल्यालं न्हाई," हरणाबाई पुढं बघतच पुटपुटली. "पर ह्यांनी पाय घालवून जे राखलं, ते तुमी एका दमात घालवू नगा."

तिकडं कोंडीबा कुबडीवर उभा राहिला होता. "सोडा की आता," तो गावाला म्हणाला. "वारंटं गेली, तसं हे बी जाऊ द्या. माझं मला मिळालं."

कुणी जास्त ताणलं नाही. पाटलानं कोंडीबाच्या हातात विड्याचं पान ठेवून त्याला पुन्हा गावात घेतलं आणि माणसं उठली.

लाला त्या वर्षी मामाकडंच राहिला. रान नांगरलं, बाजरी पेरली. सुरुवातीला हरणाबाई त्याचं ताट गोठ्यापाशी ठेवायची. पीक गुडघ्याला लागलं तसं ताट ओसरीवर आलं. काढणीला राहीबाई न बोलावता आली आणि विळा घेऊन ओळीत बसली. आईशी लाला अजून मोजकंच बोलायचा. 

दुपारी बाजरी कापता कापता तो तिच्या ओळीपाशी आला.

"आई, ऊन लय झालं. जरा सावलीला बस."

"एवढी वळ झाली की बसते," ती म्हणाली.

लाला ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उकिडवा बसला आणि तिची ओळ तिकडनं तिच्याकडं कापत आणू लागला.