नाव विचारायचं राहिलं

आमच्या मळ्यातून शेळी चोरीला गेली ती भरदुपारी. मी विहिरीवर धुणं धूत होते आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. चोरानं त्यांच्यासमोरच शेळी सोडली. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पावलं वाजली तशी त्यांनी विचारलं, "कोण, लालासाहेब का?" चोर म्हणाला, "व्हय." मग आत्याबाई त्याला म्हणाल्या, "उन्हाचा आलायस, पानी पिऊन जा बाबा." तो पाणी प्यायला, तांब्या पालथा घालून ठेवला आणि शेळी घेऊन गेला. तो पालथा तांब्या बघून मला शेळीपेक्षा जास्त राग आला.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. वडूजपासून तीन मैलांवर, येरळा नदीच्या काठाला आमचा मळा. मळ्यात आम्ही दोघीच. आमचे हे फौजेत नाईक, नेफात, चीनच्या सरहद्दीला कुठंतरी बर्फात. कुठं ते पत्रात लिहायची परवानगी नव्हती, त्यामुळं मी नकाशावर बोट फिरवायचे आणि जिथं बोट दमेल तिथं हे आहेत असं समजायचे.

शेळी गेल्याचं कळल्यावर थोरले भावजी लालासाहेब गावातून तणतणत आले. "दोन बायकांनी रानात ऱ्हायचं काय कारण? गावातल्या घरात या. मळा मी बघतो."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण गावातल्या घरात आत्याबाईंना दर उंबऱ्याला ठेच लागायची. इथं मळ्यात मात्र त्या एकट्या विहिरीपर्यंत जायच्या, लिंबापर्यंत जायच्या, वाऱ्यावरून शाळू किती वाढलाय ते सांगायच्या. मला तर गावात जाऊन जावेच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या नव्हत्याच. शिवाय यांना सुट्टी मिळाली की हे येणार ते मळ्यात. आल्यावर दाराला कुलूप बघायचं का त्यांनी?

मी सातवी पास आहे. बसले आणि यांना सगळं लिहून टाकलं. उत्तर आलं, "कुत्रं पाळ. पण बघून घे. आकारानं एवढं मोठं पाहिजे की माणूस वाटेवरूनच माघारी फिरला पाहिजे. आणि गुणानं एवढं गरीब पाहिजे की आईचा पाय शेपटीवर पडला तरी त्यानं फक्त शेपटी काढून घेतली पाहिजे." मी मनात म्हटलं, असं कुत्रं फौजेत मिळत असेल तर तुम्हीच पाठवा की. पण भावजींना सांगितलं, संक्रांतीपर्यंत मुदत द्या. नाही मिळालं कुत्रं तर गाठोडं बांधून गावात येते.

पहिलं कुत्रं बघायला भावजी आम्हा दोघींना एस्टीनं कराडजवळ मलकापूरला घेऊन गेले. एका पेन्शनर सुभेदारांचा अल्सेशियन होता. सुभेदार इंग्रजीत बोलायचे आणि कुत्रा ऐकायचा. बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. भावजी खूश झाले. तेवढ्यात आत्याबाईंनी चाचपत काठी पुढं केली आणि कुत्र्यानं दात असे विचकले की मी त्यांना कडेवर घ्यायचंच बाकी राहिलं. सुभेदार अभिमानानं म्हणाले, "हा माणूस बघत नाही, हालचाल बघतो." आमच्या घरात चाचपडणारा हातच जास्त फिरायचा. सुभेदारांच्या घरचा चहा पिऊन आम्ही परत आलो.

दुसरं भावजींच्या जतच्या दोस्तानं आणून दाखवलं. कारवानी कुत्रं, उंच आणि लांब, पोट पाठीला लागलेलं. पळायला लागलं की डोळ्यांना दिसायचंच नाही. आत्याबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं बया, ह्याला बघून चोर भ्यायचा न्हाई, भाकरी टाकंल." दोस्ताला राग आला. पण त्याला कुत्र्यासाठी दोन भाकऱ्या बांधून दिल्या आणि वाटेला लावलं.

मार्गशीर्ष उतरणीला लागला तसे म्हसवडकडचे धनगर मेंढरं घेऊन आले. दरवर्षी आमच्या मोकळ्या रानात त्यांचा कळप बसायचा, रानाला खत व्हायचं. त्या सकाळी येरळेवर धुकं होतं. धुक्यातून आधी मेंढरांचं बें बें आलं, मग पायांची खुरखुर, आणि सगळ्यांच्या पुढं एक पांढरं काहीतरी आलं. मला वाटलं मेंढा आहे. जवळ आल्यावर बघते तर कुत्रा. माझ्या कंबरेएवढा उंच, छाती रुंद, मान बैलासारखी, आणि चालणं असं सावकाश की सगळा दिवस त्याच्याच मालकीचा असावा.

आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "साळू, त्ये पांढरं काय हाय गं?" त्यांना जगातलं फक्त पांढरं दिसायचं, तेही चुन्याच्या भिंतीएवढं मोठं असलं तर. म्हणजे हा कुत्रा त्यांनाही दिसला. राखणीची जागा भरली, असं मला वाटलंच.

तरी मी आंधळेपणानं काही केलं नाही. सगळं नीट पाहिलं. दात पाहिले, पंजे पाहिले. बिरू धनगरानं तासाभरापूर्वी जन्मलेलं कोकरू उचलून त्याच्या पुढच्या पायांत ठेवलं. कुत्र्यानं ते चाटलं आणि त्याच्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. मग गावातून भावजींना बोलावलं आणि मागून काठी घेऊन यायला सांगितलं. कुत्रा उठला आणि भावजींच्या अन् माझ्या मधे येऊन उभा राहिला. एकदाच भुंकला. तो आवाज विहिरीत घुमून परत आला आणि भावजींच्या हातची काठी खाली पडली.

"जात कुठली म्हणायची ही?" भावजींनी घाम पुसत विचारलं.

"जात?" बिरू हसला. "धनगराची."

शेवटी मी आत्याबाईंना मुद्दाम त्याच्या अंगावरून न्यायचं ठरवलं. त्यांचा पाय शेपटीवर पडला. कुत्र्यानं मान वळवून बघितलं आणि शेपटी काढून घेतली. पत्रात लिहिलं होतं अगदी तसंच! मला रडू आलं.

बिरूकडं असली तीन कुत्री होती. "इकायचं न्हाई आमच्यात," तो म्हणाला. "म्हातारीला डोळं न्हाईत, तर दिला. ऱ्हाऊ द्या." आणि कळप पुढं काढताना वळून ओरडला, "वैनी, हाक मारायची तर खंड्या म्हणा! दुसऱ्या नावाला वळायचा न्हाई त्यो!"

मी पदर तोंडाला लावला. आत्याबाई पोट धरून हसायला लागल्या.

दात पाहिले, पंजे पाहिले, भुंकणं पाहिलं. नाव विचारायचं राहिलं. आणि आमच्या यांचं नाव पालीच्या खंडोबाला बोललेल्या नवसाचं. कागदावर खंडेराव, गावात खंडू, आणि आईच्या तोंडी लहानपणापासून खंड्या.

आता हसाल तुम्ही. पण आमच्यात नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. बाकीच्या बायकांचे नवरे संध्याकाळी घरी यायचे, त्यांची जीभ चुकून घसरली तरी धकून जात असेल. माझा माणूस बंदूक घेऊन बर्फात उभा. त्याच्या आयुष्यातला एक दिवससुद्धा माझ्या तोंडून सांडायला नको होता.

पंधरा दिवस मी दुसऱ्या नावांनी बोलावून पाहिलं. वाघ्या म्हटलं, पांड्या म्हटलं, राजा म्हटलं. तो कानसुद्धा हलवायचा नाही. एकदा वैतागून मी "आवं, ऐकलं का!" अशी हाक दिली. बांधावरून आमची शेजारीण बायडाबाई चालली होती. तिनं ती गावभर केली.

आत्याबाईंचं मात्र सोपं होतं. त्या लिंबाखाली उभ्या राहून हाक द्यायच्या, "खंड्याऽऽ, ये रं बाबा!" दुपारच्या उन्हात ती हाक पार नदीपर्यंत जायची. माझ्या हातातलं खुरपं थांबायचं. शाळू माथ्याच्या वर गेलेला, त्याच्या आतून सळसळत कोणीतरी घराकडं यायचं. कोण ते दिसायचं नाही, नुसती ताटं हलताना दिसायची. तेवढा वेळ मी श्वास धरून उभी राहायचे. तेवढा वेळ काहीही होऊ शकत होतं. मग पांढरं तोंड बाहेर यायचं आणि मी खुरपायला लागायचे. खोटं कशाला बोलू, मी रोज त्या हाकेची वाट बघायचे.

आत्याबाई त्याच्या मानेवर हात ठेवून मळाभर हिंडायला लागल्या. वाटेनं जाणारी माणसं आता लांबून वळसा घालून जायची. संक्रांतीला भावजी तिळगूळ घेऊन आले ते बांधावरच थांबले आणि तिथूनच म्हणाले, "ऱ्हावा मग हितंच."

माझी अडचण मीच सोडवली. नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलेलं चालतं. देवाधर्माला, हळदीकुंकवाला सगळ्याच घेतात. मग कुत्र्याला बोलवायला घेतलं तर काय बिघडलं? मी कंबरेवर हात ठेवून म्हणायचे,

"चुलीवरच्या दुधाला आली साय,
खंडेरावांचं नाव घेते, येता का न्हाय?"

'खंडे' एवढं कानावर पडलं की तो यायचा. थंडीत त्याला ओसरीवर घ्यायचं असलं की,

"येरळेच्या वाळूत टिटवीची अंडी,
खंडेरावांचं नाव घेते, वाजतेय थंडी."

महिन्याभरात तो 'चुलीवरच्या'लाच उठायला लागला. हे सगळं मी यांना लिहिलं, फक्त नाव लिहिलं नाही. यांनी तीन पत्रांत विचारलं, कुत्र्याचं नाव काय ठेवलंस? मी तिन्ही वेळा शाळूचं लिहून पाठवलं.

मग पत्रं थांबली. माघ गेला, फाल्गुन लागला. रेडिओवर तिकडं बर्फ कोसळल्याची बातमी आली आणि पोस्टमन बांधावरूनच मान हलवून पुढं जायला लागला. सहा आठवडे. मी उखाणेसुद्धा बंद केले. कोण जाणे, यमकातून घेतलं तरी नाव ते नावच.

होळीच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमाराला, दोन माणसं अंगणात आली. आत्याबाईंचा घसा दोन दिवस बसला होता, तोंडातून नुसती हवा यायची. त्या आत पडून होत्या. मी शेणी थापत होते. कुत्रा नव्हता. बिरूचा कळप परतीला लागला होता, नदीपलीकडं मेंढरं दिसत होती, आणि जुनी ओळख म्हणून तो तिकडं गेला होता.

एकानं विचारलं, "मालक न्हाईत का घरी?" विचारताना तो माझ्याकडं नाही, लिंबाला बांधलेल्या आमच्या म्हशीच्या दाव्याकडं बघत होता. दुसरा ओसरी चढला. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला, आणि पालथा घालून ठेवला.

मी ओरडले, "आवं! आवं, या की!" दोघंही हसले. मग मी उखाणा धरला. "चुलीवरच्या..." म्हटलं आणि पुढचं काही आठवेना. आणि नदीपल्याड यमक पोहोचतंय कुठं? पहिल्यानं दावं सोडलं होतं. दुसरा दाराच्या आत वाकून बघत होता, जिथं आत्याबाई निजल्या होत्या.

मी डोळे मिटले. पोटातून आवाज काढला.

"खंड्याऽऽ! खंड्याऽऽ, ये रं!"

शाळू काढून झाला होता, रान मोकळं होतं. तो येताना मला पूर्ण दिसला. नदीचं पाणी उडवत, ढेकळं तुडवत तो आला, अंगणाच्या मधोमध थांबला आणि एकदाच भुंकला. चावला नाही, धावलासुद्धा नाही. नुसता उभा राहिला. माणसं म्हशीचं दावं टाकून अशी पळाली की एकाची चप्पल आमच्याकडंच राहिली.

कुत्रा आत जाऊन आत्याबाईंच्या अंथरुणाशी बसला. मी उंबऱ्यावर बसले आणि मला असा हुंदका फुटला की आवरेना.

आत्याबाईंनी बसक्या आवाजात विचारलं, "ग्येली न्हवं ती? मग रडतीस कशाला?"

"आत्याबाई, मी नाव घेतलं. दोनदा घेतलं. वरडून घेतलं." मी उंबऱ्यावरूनच त्यांच्याकडं वळले. "तिकडं काय झालं असंल तर?"

आत्याबाई कुत्र्याच्या कानामागं खाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुज्या सासऱ्याचं नाव मी जल्मात घेतलं न्हाई, साळू. एकदाबी न्हाई. पस्तिशीत ग्येला त्यो. जाताना माज्याकडं बघत हुता. मला वाटलं, आता तरी नावानं हाक मारावी, वळंल, थांबंल. तोंडच उघडलं न्हाई माजं."

मी पदरानं डोळे पुसले.

"आन् मी ह्या अंगनातनं रोज हाका मारती, त्या काय कुत्र्याला?" त्या म्हणाल्या. "कुत्रं बिचारं येतंय, त्येचा मोठेपना."

मी बाहेर आले. ऊन उतरायला लागलं होतं. नदीपलीकडचा कळप धुळीत विरत चालला होता. नेफा कोणत्या अंगाला ते मला नक्की माहीत नव्हतं, म्हणून जिकडून सकाळी सूर्य येतो तिकडं तोंड केलं. पदर कमरेला खोचला.

"खंडेराव," मी म्हटलं.

आतून कुत्रा उठून आला आणि माझ्या पायाशी उभा राहिला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला न्हाई रं," मी म्हटलं. "तू बस."

तो बसला. मग मी पुन्हा हाक मारली, या खेपेला मोठ्यानं.